एका पैठणीवर किती जण जगतात? नाशिकहून येवल्याची फेरी

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी एसटी येवल्यात पोहोचते तोवर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर झालेले असतात. निफाडपर्यंत द्राक्षबागा आणि विंचूरच्या आसपास कांद्याच्या चाळी दिसतात, आणि मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना पैठणीच्या पाट्या सुरू होतात. बहुतेक गाड्या इथेच थांबतात, खरेदी करतात आणि परततात. माग मात्र दुकानाच्या काचेमागे नसतात. ते जुन्या गावातल्या गल्ल्यांत असतात, नागडे-बल्हेगावसारख्या आसपासच्या गावांत असतात. गल्लीत शिरलं की आधी मागाचा ठोक कानावर येतो, मग दार दिसतं.

गावाचा इतिहास थोडक्यात. रघोजी नाईकांनी गाव वसवलं आणि पैठणचे विणकर इथे आणले, असं येवलेकर सांगतात. तात्या टोपे यांचा जन्म इथला. डॉ. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली तीही इथेच. त्या घोषणेच्या जागी असलेल्या मुक्तिभूमी स्मारकासाठी वेगळा दिवस ठेवावा. आम्ही आलो होतो ते पैठणीचा कारखाना पाहायला.

कारखाना म्हटलं की जे चित्र उभं राहतं ते विसरावं लागतं. मोठ्या खोलीत काही माग, बाजूला रेशमाचं गोदाम, तराजू आणि वह्या, एवढंच असतं. बाकीचे माग विणकरांच्या घरात. मालक रेशीम आणि जर (सोनेरी-चंदेरी तार) देतो, विणकर साडी विणून आणतो आणि मजुरी साडीमागे ठरते. बाहेरून पाहताना वाटतं की पैठणी म्हणजे एक विणकर आणि एक माग. प्रत्यक्षात कच्च्या रेशमापासून घडी घालून ठेवलेल्या साडीपर्यंत किती हात लागतात, ते मोजत गेलो तेव्हाच कारखान्याचा गावाशी असलेला संबंध ध्यानात आला.

पहिला हात रंगाऱ्याचा. कर्नाटकातून आलेलं कच्चं रेशीम डिंकाळ आणि राठ असतं. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात उकळून त्यावरचा नैसर्गिक डिंक काढला की ते मऊ होतं आणि चमकू लागतं, पण वजनही २० ते २५ टक्के घटतं. किलोभर कच्च्या रेशमाचं हाती उरतं ते पाऊण किलोच्या आसपास. मग रंग. ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे) आणि ब्लाउजचं कापड यांचं रेशीम एकाच भट्टीत रंगवावं लागतं. वेगळ्या दिवशी रंगवलं तर डोळ्याला लगेच न दिसणारा फरक साडी उलगडल्यावर पट्ट्यासारखा उठतो. रंग पक्का बसलाय की नाही, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहतात. गडद काठ आणि फिकं अंग असलेल्या साडीत ही चाचणी चुकवली की पहिल्याच पावसात काठ अंगावर उतरतो.

त्यानंतर आसारीवर लड चढवून धागा उकलणं. (येवल्यात संक्रांतीला पतंगाचा मांजा ज्या चाकावर गुंडाळतात तीही आसारीच. इथल्या पोरांना हात फिरवायला वेगळं शिकवावं लागत नाही म्हणतात, ते खोटं नसावं.) मग कांड्या (बाण्याच्या धाग्याच्या नळ्या) भरणं, तानी (मागावर चढवायचे ताण्याचे धागे) काढणं आणि सांधणी. एका तानीत साधारण तीन-चार साड्या होतात. ती संपली की माग रिकामा करत नाहीत. नव्या तानीचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडतात. हजारो धागे असतात आणि एक जरी चुकीच्या जागी गेला तरी उभी रेघ साडीभर धावते. सांधणी करणारे कारागीर एका मागावरून दुसऱ्या मागावर फिरतात, मागामागे मजुरी घेतात. पुढे गोंडे बांधणाऱ्या बायका येतात, जॅकार्डचे (नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे) पुठ्ठे ठोकणारे येतात आणि फॉल-पिको करणारेही. कांड्या भरायचं काम बहुतेक घरी बायका, म्हातारी माणसं करतात, पण त्याचा वेगळा पैसा क्वचितच मिळतो. तो विणकराच्या मजुरीतच धरलेला असतो. ज्या कारखान्यात कांडीची मजुरी वहीत वेगळी लिहिली जाते, तिथला हिशेब आम्ही चांगला मानतो.

हिशेबाचंच सांगायचं तर सगळ्यात जास्त भांडणं तराजूवर होतात. विणकराला रेशीम वजनावर देतात, साडी आल्यावर वजन करतात आणि फरक ‘तूट’ म्हणून धरतात. पण रेशीम हवेतला ओलावा धरतं. व्यापारात त्याचा प्रमाण ओलावा ११ टक्के धरतात. श्रावणात दिलेलं रेशीम आणि मे महिन्यात जमा झालेली साडी यांचं वजन विणकराने एक तारही न लाटता जुळत नाही. जुना, जाणता मालक हे ओळखतो, तुटीची मर्यादा आधीच ठरवतो आणि दोघांच्याही वहीत लिहितो. नवखा मालक चोरीचा संशय घेतो, आणि विणकर माग सोडून कांद्याच्या खळ्यावर जातो.

उचल ही दुसरी गोष्ट. लग्न, आजारपण, घराचं छप्पर यासाठी विणकर आगाऊ पैसे घेतो आणि साडीमागे फेडतो. उचलीने घर सावरतं हे खरं, पण ती फिटेपर्यंत विणकराला जास्त मजुरी देणाऱ्या दुसऱ्या मालकाकडे जाता येत नाही, हेही तितकंच खरं. ‘आम्ही विणकरांना बिनव्याजी मदत करतो’ असं सांगणाऱ्या कारखान्यात आम्ही मुद्दाम विचारतो, की उचल असताना माणूस दुसरीकडे विणू शकतो का? उत्तर यायला जो वेळ लागतो, त्यावरून बरंच कळतं.

आता शिकवण्याचं. पूर्वी हे काम खत्री, साळी, कोष्टी अशा विणकर घरांत बापाकडून मुलाकडे जायचं. आता मागावर इतर समाजांतले तरुण दिसतात आणि बायकाही मोठ्या संख्येने. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरातल्या ३५ लाखांवर हातमाग कामगारांत सत्तर टक्क्यांहून जास्त स्त्रिया आहेत. शिकाऊ माणसाला थेट पदरावर बसवत नाहीत. आधी महिनाभर कांड्या आणि तुटलेला धागा जोडणं. मग पावडे पायाने दाबणं आणि ठोक सारखा ठेवणं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण ठोक एकदा जोरात, एकदा हलका पडला की कापडावर दाट-विरळ पट्टे येतात, आणि ते धुऊन जात नाहीत. त्यानंतर लहान बुट्टे, मग काठ. काठासाठी तीन धोटी (बाण्याचा धागा आरपार नेणारी) चालतात, दोन काठांची दोन आणि अंगाचं एक, आणि जिथे रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात. यालाच कडियल म्हणतात. जर आणि रेशीम सारखं ताणलं जात नाही, म्हणून शिकाऊ हाताचा काठ आखडतो आणि साडी काठाला चुण्या घेऊन मागावरून उतरते.

पदर सगळ्यात शेवटी. तिथे धोटं उपयोगाचं नाही. मोर, मुनिया (पोपट), अजंठा कमळ यांच्या एकेका रंगासाठी धाग्याची वेगळी बारीक गुंडाळी लागते, तिला तिल्ली म्हणतात. एका ओळीत रंग जितक्या ठिकाणी येतो तितक्या तिल्ल्या, आणि प्रत्येक ओळ ताण्याचे धागे मोजून. एक धागा चुकला तर मोराची मान वाकडी होते, आणि ते कळतं दहा-बारा ओळी वर गेल्यावर. मग उसवावं लागतं. उसवताना जरीचा वर्ख सुटतो, म्हणून उसवलेली जर पुन्हा वापरत नाहीत.

हे नुकसान कोण सोसतो, हाच प्रशिक्षणाचा खरा प्रश्न आहे. वर्ग चालवणं सोपं. सरकारी योजनांत प्रशिक्षणार्थ्याला विद्यावेतन मिळतं, प्रमाणपत्र मिळतं. पण वर्ग काही आठवड्यांचा आणि पदर बसायला वर्ष लागतं. मधल्या काळात शिकणाऱ्या मुलीच्या हातून विकण्याजोगी साडी होत नाही. आम्ही पाहिलेल्या कारखान्यात शिकाऊंना साडी देतच नाहीत. आधी दुपट्टे आणि ब्लाउजचे काठ देतात, जर साधी वापरतात आणि मजुरी दिवसावर देतात. साडीमागे मजुरी हा नियम पहिली साडी पास झाल्यावरच लागू होतो. बिघडलेलं कापड पर्स, पाकिटं शिवणाऱ्या बायकांकडे जातं. मालक याला धर्मादाय म्हणत नाही. घरी माग दिलेला, हात बसलेला विणकर वीस वर्षं टिकतो, असा त्याचा साधा हिशेब आहे.

माग घरी द्यायचा तर तोही बघून द्यावा लागतो. जुना खड्ड्यातला माग चांगला, कारण जमिनीचा गारवा धाग्याला ओल देतो आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ताणा कमी तुटतो. पण पावसाळ्यात ज्या घरात खड्ड्यात पाणी झिरपतं तिथे तो निरुपयोगी, तिथे वरच्या चौकटीचा माग बसवतात आणि उन्हाळ्यात शेजारी ओलं गोणपाट टांगतात. उजेड पांढरा हवा. पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी आणि हिरवा यात घोळ होतो. चाळिशीनंतर चष्मा लागतोच. नंबर वाढला की पदराचं काम जातं आणि कमाई घसरते. म्हणून वर्षातून एकदा डोळे तपासणं हा मालकाच्याही फायद्याचा खर्च आहे.

साडी हातमागावरच विणायची, असं संरक्षण काही प्रकारांना १९८५ च्या कायद्याने दिलेलं आहे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन मालाचं असतं. ते वापरायला प्रत्येक उत्पादकाला स्वतंत्र नोंदणी करावी लागते. यंत्रमागाची साडी शेजारच्याच दुकानात निम्म्याहून कमी किमतीत ‘पैठणी’ म्हणून टांगलेली असते, आणि त्याचा थेट घाव मजुरीवर बसतो.

तुम्ही गेलात तर पदर उलटा करून पाहा. हातविणीचा पदर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, लोंबते-कापलेले धागे नसतात. मग किमतीच्या आधी, ही साडी विणायला किती दिवस लागले आणि मजुरी किती दिली, ते विचारा. काही दुकानदार वही उघडून दाखवतात. परतीच्या गाड्या मात्र विचारून ठेवा. संध्याकाळी नाशिकची एसटी खच्चून भरलेली येते आणि विंचूरपर्यंत बसायला जागा मिळत नाही.