ट्रामच्या पाटीवरचा मार्शल

फ्रान्सच्या उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या व्हालांसिएन शहरात मी राहते. माझ्या रोजच्या ट्रामच्या पाटीवर शेवटचे स्थानक म्हणून ‘दनें – एस्पास व्हिलार’ असे लिहिलेले असते. दनें हे कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांवर वाढलेले आणि ते बंद पडल्यावर खंगलेले गाव. त्यामुळे व्हिलार हे एखाद्या खाणमालकाचे नाव असावे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते चौदाव्या लुईच्या एका सेनापतीचे नाव आहे, आणि त्याची हकीकत वाचू लागल्यापासून या सपाट, पावसाळी मुलखाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले आहे.

क्लोद लुई एक्तोर द व्हिलार याचा जन्म 1653 मध्ये मध्य फ्रान्समधील मूलें येथे झाला. घराणे सरदारांचे, पण पैशाने फारसे सुस्थित नव्हते. वडील राजाचे वकील म्हणून परदेशी दरबारांत वावरलेले. मुलगा राजाच्या पदरी लहान वयातच हुजऱ्या म्हणून दाखल झाला. 1673 मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात, परवानगीची वाट न पाहता तो खंदकांत पुढे घुसला. ‘कुठेही गोळीबार सुरू झाला की हा पोरगा जमिनीतून उगवल्यासारखा तिथे हजर होतो,’ असे उद्गार तेव्हा राजाने काढल्याचे सांगतात. पुढच्याच वर्षी सनेफच्या लढाईत त्याने नाव कमावले आणि एकविसाव्या वर्षी तो घोडदळाच्या पलटणीचा कर्नल झाला.

त्यानंतर मात्र त्याची बढती वर्षानुवर्षे अडकून पडली, कारण युद्धमंत्री लुव्ह्वा याची त्याच्यावर मर्जी नव्हती. रणांगणावर पराक्रम गाजवला, तरी तो योग्य माणसाने योग्य वेळी राजाच्या कानावर घातल्याशिवाय त्याचे चीज होत नाही, हे व्हिलार या काळात शिकला असावा. पुढे त्याने ते काम स्वतःच हाती घेतले. तो स्वतःची स्तुती मोकळेपणाने करी, राजाला लांबलचक पत्रे लिही आणि राजाची दुसरी पत्नी मादाम द मेंतनाँ हिची मर्जी सांभाळी. सँ-सिमाँ या समकालीन सरदाराला त्याचा हा स्वभाव इतका खुपत असे की, आपल्या आठवणींत त्याने व्हिलारला मोठेपणाचे श्रेय सहसा दिलेले नाही. मला सँ-सिमाँचा हा न्याय एकांगी वाटतो. स्पेनच्या गादीच्या वारसायुद्धात 1702 मध्ये फ्रीडलिंगेन येथे आणि 1703 मध्ये होख्श्टेट येथे विजय मिळवणाऱ्या, मार्शलपद तलवारीने कमावलेल्या माणसाला केवळ बढाईखोर म्हणून निकालात काढता येत नाही.

त्याचा लोभ मात्र खरा होता. जर्मनीतील मोहिमांत त्याने शहरांकडून जबर खंडण्या वसूल केल्या आणि त्यांतला वाटा स्वतःकडे ठेवला. 1705 मध्ये त्याने पॅरिसजवळचा व्हो-ल-व्हिकोंत हा वाडा विकत घेतला होता. फ्रेंचमध्ये ‘व्हो’ या उच्चाराचा दुसरा अर्थ वासरू असा होतो, आणि खंडणीचा एक हिस्सा आपण आपले ‘व्हो’ पोसायला ठेवला, असे त्याने उघडपणे सांगितल्याची आख्यायिका आहे.

1709 चा हिवाळा फ्रान्सला फार क्रूर गेला. नद्या गोठल्या, शेतातले पीक करपले आणि धान्य महागले. त्या वर्षी, त्याच युद्धात इंग्रज, डच आणि ऑस्ट्रियन फौजांना तोंड देणारे उत्तर सीमेवरचे सैन्य व्हिलारच्या हाती देण्यात आले. तो सैनिकांच्या रांगांमधून जाऊ लागला की ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ ही प्रार्थना ते लॅटिनमध्ये म्हणत, अशी नोंद त्याने स्वतः केली आहे. तोच भुकेला जमाव 11 सप्टेंबरला मालप्लाके येथे उभा राहिला. व्हिलारच्या गुडघ्याला गोळी लागली आणि फ्रेंचांना मैदान सोडावे लागले, परंतु शत्रूची हानी त्यांच्याहून कितीतरी अधिक झाली. ‘देवाच्या कृपेने अशी आणखी एक लढाई आपण हरलो, तर महाराजांचे शत्रू संपलेच समजावे,’ असे त्याने राजाला लिहिले. त्यात बढाई आहेच, पण ते खोटेही नाही.

1712 च्या जुलैत ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा सेनापती, सॅव्हॉयचा प्रिन्स युजीन, लाँद्रसीच्या फ्रेंच ठाण्याला वेढा घालून बसला होता आणि त्याची रसद मार्शिएनच्या कोठारांतून दनेंमार्गे येत होती. पानिपतच्या हकीकती ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना रसद तुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. व्हिलारने लाँद्रसीच्या दिशेने चाल करण्याचा देखावा केला आणि 23 जुलैच्या रात्री सैन्य गुपचूप एस्को नदीकडे वळवले. नदीवर होड्यांचे पूल टाकून त्याने 24 तारखेला दनेंची छावणी सरळ संगिनींनी घेतली. पळणाऱ्यांच्या भाराने शत्रूचा पूल कोसळला आणि युजीनला पलीकडच्या तीरावरून हे पाहत राहावे लागले. ही कल्पना मुळात दुए येथील एका न्यायाधिकाऱ्याने सुचवली होती, तर काही जण श्रेय मार्शल माँतेस्क्यूला देतात. पण फसली असती तर राजधानीची वाट शत्रूला मोकळी होण्याचा धोका होता, आणि तो धोका व्हिलारने पत्करला. तीन महिन्यांच्या आतच मार्शिएन, दुए, कॅनवा आणि बूशें ही ठाणी परत मिळाली, आणि 1713 मध्ये हॉलंडमधील उत्रेख्तला फ्रान्स मान राखून तहाला बसू शकला.

ऑस्ट्रियाच्या सम्राटाशी मात्र युद्ध चालूच राहिले होते. 1714 च्या मार्चमध्ये राश्टाट येथे तो तह घडवून आणला तो व्हिलार आणि युजीन यांनीच. हंगेरीत तुर्कांविरुद्ध लढताना दोघांची पूर्वी ओळख झालेली होती. ‘आपण एकमेकांचे शत्रू नव्हे, तुमचे शत्रू व्हिएन्नात आहेत आणि माझे व्हर्सायला,’ असे व्हिलारने त्याला म्हटल्याचे सांगतात. आयुष्यभर दरबार आणि छावणी यांच्यात येरझाऱ्या घातलेला माणूसच असे बोलू शकतो.

1733 मध्ये, ऐंशी वर्षांचा झाल्यावर, त्याला एके काळी तुरेन या नामांकित फ्रेंच सेनापतीने भूषवलेले सर्वोच्च मार्शलपद देऊन इटलीच्या मोहिमेवर धाडण्यात आले. तेथून परतताना 17 जून 1734 रोजी तुरीन येथे तो अंथरुणात वारला. दुसरा फ्रेंच मार्शल बेरविक जर्मनीतील फिलिप्सबुर्गच्या वेढ्यात तोफगोळा लागून ठार झाल्याची बातमी त्याच्या कानी घातली, तेव्हा ‘तो माणूस नेहमीच माझ्यापेक्षा नशीबवान होता,’ असे तो म्हणाल्याचे सांगतात.