किनाबालूच्या ढगात नमुने टिकवायचे कसे?

बोर्निओ बेटावरचा किनाबालू पर्वत ४०९५ मीटर उंच. २००० मीटरच्या वर गेलं की दुपारनंतर बहुतेक वेळ ढगातच. तिथे अभ्यासासाठी वनस्पतींचे नमुने गोळा करणं सोपं, कागदात दाबून वाळवणं महाकठीण. दमट कागदात दोन-चार दिवसांत बुरशी धरते, पानं देठापासून गळतात. रोज कागद बदला म्हणतात, पण कोरडे कागद आणायचे कुठून?

उपाय जुनाच आहे: स्पिरिट. नमुना वर्तमानपत्राच्या घडीत पसरायचा, वीतभर जाडीचा गठ्ठा सुतळीने बांधून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि कागद चिंब होईस्तोवर साधारण ७० टक्के अल्कोहोल ओतायचं. तोंड घट्ट बंद. मग काही आठवडे निर्धास्त. वाळवणी खाली उतरल्यावर. नमुन्याचा क्रमांक मात्र पेन्सिलीनेच, शाई विरघळते. फुलाचा रंग तिथल्या तिथे वहीत टिपा, नंतर सगळंच तपकिरी. डीएनएसाठी पानाचा तुकडा आधीच सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) वेगळा काढा.

घटपर्णीची, म्हणजे घटासारख्या पानांत किडे पकडणाऱ्या वनस्पतीची, तऱ्हा निराळी. नेपेंथिस राजा या इथल्या जातीच्या मोठ्या घटात दोन लिटरहून जास्त पाणी मावतं. ते ओतून, आतले कुजके किडे झटकून घट उभा चिरायचा, नाहीतर आतून सडतो. (अर्थात परवाना असेल तरच, ही जात साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट १ मध्ये आहे.)