तुम्ही विचारलंत म्हणून: आईचं टमरेल

बँकेत, एसटी स्टँडवर, देवळाच्या पायरीवर, हल्ली तर मासळीवालीसुद्धा विचारते, "भाऊ, आईंना दिवसभर डायपर का नाय लावत? किती पळापळ करता." मनात काही वाईट नसतं कुणाच्या. पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, आणि मीही "बघू" म्हणत सटकतो. आता एकदा बसून सांगतो.

रात्री लावतो. चिपळूणला डॉक्टरांकडे नेताना लावतो. तेव्हा 'हट्टापायी आईचे हाल करतो' हे जे माझ्या पाठी बोललं जातं, ते सोडा. घाईत असलो की एक कारण सांगतो: आमच्या वाडीत घंटागाडी येत नाही. पावसाळ्यात खड्डा खणला की पाण्याने भरतो, ओलं डायपर पेटत नाही, पुरलं तर कुत्री उकरून पाखाडीवर आणून टाकतात. एवढ्यावर लोकांचं समाधान होतं. खोटं नाही ते, पण तेवढ्यासाठी मी अडलो नसतो.

आईला विसरण्याचा आजार आहे, डिमेन्शिया. पण अजून कळतं. लागलंय हे कळतं, जायला हवं हे कळतं. कुठे, ते कळत नाही.

हे मला समजायला वर्ष गेलं. पडवीतल्या बादलीत, एकदा माजघरात भाताच्या कणगीशेजारी. मला वाटायचं, मुद्दाम करते. ओरडायचो. "घरात संडास आहे ना, आई!" शाळेतल्या पोराला पाढे घोकवावेत तसं रोज. मग एका संध्याकाळी ती मागच्या दाराने निघाली आणि मी, कंटाळून म्हणा, तिला अडवलं नाही. मागोमाग गेलो. विहीर ओलांडली, पोफळी ओलांडल्या, आगराच्या टोकाला गडग्याजवळ जाऊन थांबली आणि हाताने दार चाचपायला लागली. तिथे दार नव्हतं. नुसतं जोतं होतं, त्यावर रान माजलेलं. आमचा जुना चिऱ्याचा संडास तिथे होता. घरात नवा केला तेव्हा मीच तो पाडला. ती परसाकडला गेली होती, शब्दशः. चुकली नव्हती.

नव्या संडासाचा मला कोण अभिमान! पांढऱ्या फरश्या, पांढरी भिंत, पांढरं कमोड. पाहुण्यांना दाखवायचो. आईला त्या पांढऱ्यात पांढरं दिसतच नव्हतं. वर आरसा. आत डोकावून ती परत यायची, "कोणी बाई आहे आत." आरसा काढला. कमोडला गडद निळी सीट बसवली. दार सुतळीने कायमचं उघडं बांधलं, रात्रभर दिवा. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला गाऊन घालायला लावला, कारण ओचा-कासोटा सुटेपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. ती हार माझी की तिची, मला अजून ठरवता येत नाही.

आणि माळ्यावरून तिचं जुनं पत्र्याचं टमरेल काढलं. ते हातात दिलं की कमोड काय, संडास काय, समजवावं लागत नाही. पावलं आपोआप निघतात. उठल्याबरोबर एकदा, सकाळची पेज झाल्यावर अर्ध्या तासाने एकदा, कारण पोटात अन्न गेलं की आतडी हलतात. पुढे दर दोन तासांनी. "लागलीय का?" असं विचारायचं नाही, ती "नाही" म्हणते. टमरेल द्यायचं आणि "चल" म्हणायचं. गाऊनची किनार चुरगाळायला लागली, उठबस सुरू झाली, तर घड्याळही बघायचं नाही.

सगळं येतं मला, नाही? तर आता दोन वर्षांपूर्वीचे गणपती ऐका.

घरात चौदा माणसं. डोंबिवलीहून बहीण आली ती डायपरची पाकिटं घेऊनच. "दादा, पाच दिवस तरी. लोकांची ये-जा, सोवळंओवळं." मला पटलं. पटलं म्हणजे, सोयीचं वाटलं. शिवाय कमी भानगड व्हावी म्हणून मी आईचं पाणीही कमी केलं. हे कुणी सांगितलं नव्हतं, माझंच डोकं.

गौरीजेवणाच्या दिवशी पंगत बसलेली. मी भात वाढत होतो. ओटीवरून आईने हाक मारली, "अरे, परसाकडला जायचंय." किनार चुरगाळत होती. मी सगळ्यांसमोर, हातात भाताचं पातेलं, म्हणालो, "आई, बांधलंय ना तुला. त्यातच कर."

पंगतीत कुणीतरी हसलं. आई म्हणाली, "बसल्या जागी? मी काय तान्ही आहे?"

आणि ती उठलीच नाही. गुडघे जुळवून, मुठी आवळून बसून राहिली. विडे झाले, आरती झाली, तिने धरून ठेवलं होतं. दिवेलागणीला तिचा चेहरा सैल पडला आणि मला कळलं. दुसऱ्या दिवशी तिने एकदाच विचारलं. विसर्जनानंतर माणसं गेली तेव्हा ती काहीच विचारत नव्हती.

आठवड्याने ती झोपूनच राहू लागली, बरळू लागली, मला ओळखेना. मी धरून चाललो, आजार वाढला. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. संसर्ग निघाला. पाणी तोडल्याने लघवी घट्ट होते, बद्धकोष्ठ होतं, वर ओलं डायपर. औषधाने आठ दिवसांत शुद्धीवर आली. मी वारंवार लघवी होण्यावर गोळी मागितली, तर म्हणाले, त्यातल्या काही गोळ्यांनी विसर आणखी वाढतो. पाणी पाज आणि वेळेवर ने.

मग टमरेल, पहिल्यापासून. ही सकाळी अंगणवाडीत जाते तेव्हा मी, दुपारी ही. दिवाळी उलटली तेव्हा आई पुन्हा "परसाकडला" म्हणाली. मी न्हाणीत जाऊन रडलो. पण पूर्वी दिवसातून पाच-सहा वेळा सांगायची, आता एखाद्या वेळी. आजार पुढे सरकला म्हणून, की त्या पाच दिवसांमुळे? बहीण म्हणते आजारच. डॉक्टरही तसंच म्हणतात. मला त्या वाक्याचा आवाज ऐकू येतो.

तरी लावत नाही म्हणून मी कुणी संत नाही. परवा तिसऱ्यांदा गादी भिजली तेव्हा मी टमरेल आगरात भिरकावलं. मग बॅटरी घेऊन शोधत फिरलो. सापडलं, पण कडेला चेपलंय. सकाळी तिच्या हातात दिलं तर तिने उलटंपालटं करून पाहिलं आणि मलाच परत दिलं. "आधी तू जाऊन ये."

काल बहिणीचा फोन होता. गणपतीला येतेय. "पाकिटं आणू ना?" म्हणाली. रात्रीपुरती दोन आण म्हटलं. फोन ठेवला. मग पुन्हा लावला आणि चार सांगितली.