आमची वाटचाल: जिनिंगच्या पाईपापासून सिएलोच्या स्टिअरिंगपर्यंत

दुकानाच्या पाटीवर आजही 'ट्रॅक्टर, ट्रॉली, जेसीबी, जिनिंग प्रेसचे हायड्रोलिक होज पाईप बनवून मिळतील' एवढंच लिहिलं आहे. कारचं नाव त्यात नाही. पाटी रंगवली तेव्हा कारचं काम करायचं डोक्यातही नव्हतं.

२०११ साली नागपूरजवळच्या बुटीबोरीतली नोकरी सोडून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-पुलगाव रस्त्यावर दहा बाय पंधराचा गाळा घेतला. बाबा म्हणाले, "पाईप फुटला की लोकं नागपूरले जातेत. तुया दुकानात कायले येतीन?" याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. दिवाळीनंतर जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचं काम, सुरू झालं की गाठी दाबणाऱ्या प्रेसचा एक पाईप फुटला तरी गाठी बांधणं थांबतं, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात, आणि नागपूरला जाऊन पाईप आणायचा म्हणजे दिवस गेला. तो वाचलेला दिवसच मी विकायला बसलो होतो. भांडवल म्हणजे पतसंस्थेचं कर्ज, हातपंपावर चालणारं क्रिम्पिंग मशीन (पाईपाचं टोक दाबून पक्कं बसवणारं), दोन बंडल पाईप आणि नट-निपलांची चार खोकी.

पहिल्याच हंगामात एका जिनिंगमध्ये माझ्या हातचा पाईप निघाला. फुटला नाही, निघाला. फेरूल (बाहेरून दाबायची धातूची टोपी) निपलावर (पाईपाच्या आत जाणाऱ्या जोडनळीवर) जागच्या जागी आणि पाईप त्यातून उपसून बाहेर. तेल थेट रुईवर. फेरूल दाबल्यावर त्याचा बाहेरचा व्यास किती भरला पाहिजे, हे तक्त्यात दिलेलं असतं. मी घाईत 'दिसते बरोबर' म्हणून सोडलं होतं. नंतर दुसऱ्या टोकाला व्हर्नियर लावून पाहिला तर माप अर्धा मिलिमीटर जास्त. भिजलेल्या रुईचे पैसे मालकानं बिलातून कापले आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. तेव्हापासून प्रत्येक फेरूल तीन ठिकाणी मोजल्याशिवाय पाईप टेबलावरून हलत नाही. कमी दाबला तर पाईप निघतो. जास्त दाबला तर निपलाचं भोक आतून चेपतं, तेल अडतं आणि ते बाहेरून कळतही नाही. म्हणून मोजून झालं की आतून सळई घालून बघतो.

२०१६ मध्ये मुद्रा कर्जावर विजेवरचं मशीन आलं. पुढं समृद्धी महामार्गाचं काम आमच्या भागातून गेलं. त्या काळात रात्री दोन वाजताही शटर वाजायचं, एवढे पोकलेन आणि टिपर होते. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला, मशिनी पुढं निघून गेल्या आणि गल्ला निम्म्यावर आला. तेव्हा दुकान तगलं ते २०१७ मध्ये शिकलेल्या एका कामावर.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्याच शाळेतले निवृत्त गुरुजी देऊ कंपनीची सिएलो कार घेऊन आले. कंपनी भारतातून केव्हाच गेलेली. पॉवर स्टिअरिंगचा प्रेशर पाईप क्रिम्पपाशी झिरपत होता. नवा पाईप नागपुरात मिळाला नाही, भंगारात सापडला तो याच्याहून वाईट. गुरुजी म्हणाले, "पाय बाप्पा, होत असन तर कर. नाही तर इकून टाकतो." गाडी विकायचा त्यांचा विचार नव्हता, हे आवाजावरूनच कळत होतं.

मला वाटलं, यात काय आहे? पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा दाब शंभर बारच्या आसपास. माझ्याकडचा तीन सुती (भोक तीन अष्टमांश इंच) डबल वायरचा, म्हणजे तारेच्या दोन जाळ्यांचा, पाईप ३३० बारचा. जेसीबीवर टिकतो तो कारवर का नाही टिकणार? तासाभरात बनवून बसवून दिला. गळती बंद. गुरुजी खूश.

चौथ्या दिवशी परत. "गळत नाही रे, पण भिनभिन करते. वळवली का रडल्यासारखी वाटते."

हवा राहिली असेल म्हणून पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवलं. टाकीतला फेस गेला, आवाज तसाच. नशीब, जुना पाईप मी फेकला नव्हता. तो व्हाइसमध्ये धरला आणि पात्यानं लांबीत चिरला. भुईमुगाची शेंग उघडावी तसा उघडला. आत तारेची जाळी नव्हतीच, होती सुताची वीण. आणि पोकळीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली बारीक पत्र्याची नळी, जेमतेम वीतभर.

ती नळीच गाडीचा आवाज गिळत होती. पंप तेल सलग ढकलत नाही, ठोक्याठोक्यानं ढकलतो. कारचा प्रेशर पाईप मुद्दाम थोडा फुगणारा करतात, म्हणजे ते ठोके त्यात जिरतात, आणि उरलेला आवाज ही आतली नळी मारते. मी लावलेला डबल वायरचा पाईप फुगतच नाही, मग प्रत्येक ठोका थेट स्टिअरिंगपर्यंत. शिवाय तो पाईप शंभर अंशांपर्यंतच्या तेलाचा. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळीसला जातो, बॉनेटखालचं तर बोलूच नका. ३३० बारची माझी ऐट त्या दिवशी व्हाइसवरच उतरली.

मग पॉवर स्टिअरिंगसाठीच बनलेला, एसएई जे १८८ या मानकाचा पाईप मागवायला सुरुवात केली. महाग पडतो आणि वर्धेतही सहज मिळत नाही. गुरुजींचा पाईप त्यातून नव्यानं केला, जुनी नळी रॉकेलनं धुऊन आत घातली आणि दुसऱ्या कामाचे पैसे घेतले नाहीत. चूक माझी होती.

जुन्या कारच्या पाईपात रबर बदलता येतं. अवघड असतं ते टोक. एकीकडे बँजो (पोकळ बोल्टनं आवळायचा गोल जोड), दुसरीकडे वाकवलेली लोखंडी नळी, तिच्यावर गाडीच्या मापाचा नट आणि ओ-रिंगची खाच. हे टोक बाजारात सुटं मिळत नाही. म्हणून ते वाचवायचं. आम्ही लोखंडी नळी जुन्या फेरूलच्या बोटभर अलीकडे कापतो, त्यावर नवं निपल बसवून पितळेची झाळ देतो, थंड झाल्यावर आतली काजळी साफ करतो आणि मग त्या निपलाच्याच मापाचा पाईप आणि फेरूल चढवून दाबतो. जुन्याच निपलावर नवा फेरूल चढवा, स्वस्तात होईल, असं बरेच जण सांगतात. मी करत नाही. निपल, फेरूल आणि पाईप एकमेकांच्या जोडीचे नसले तर तक्त्यातलं माप कशाचं धरायचं?

कापण्याआधीचं एक काम मात्र कुणालाच जमेना, ते माझ्या बायकोनं सोडवलं. दोन टोकं एकमेकांशी किती वळलेली आहेत, हे एकदा चुकलं की पाईप पिळला जातो आणि काही महिन्यांत क्रिम्पपाशीच फाटतो. आम्ही पांढऱ्या रंगाच्या खुणा करायचो, त्या झाळेत जळून जायच्या. तिनं घरातला जुना पाट आणून दिला. "याच्यावर ठेवा अन् भवताल खिळे ठोका." आता कुठलाही पाईप आला की आधी पाटावर जातो, खडूनं आकार, खिळे, मग कापाकापी. पाटाला इतकी भोकं झालीत की दुसरा पाट आणावा लागला.

तयार पाईप हातपंपावर २०० बारला दोन मिनिटं धरतो, खाली कोरडा पेपर. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, ही दुकानातली पहिली शिस्त. बारीक भोकातून निघालेलं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. वरून टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो. पुठ्ठा फिरवायचा.

काही कामं नाकारतो, त्यावरून भांडणं होतात. ब्रेकचा होज आम्ही बनवत नाही. एक जण मारुतीचा घेऊन आला होता. "जेसीबीचा बनवता अन् माया मारुतीचा एवढुसा पाईप नाही बनत?" नाही बनत, भाऊ. हायड्रोलिक पाईपचं आतलं रबर खनिज तेलासाठी असतं. ब्रेक ऑइल नावाला ऑइल, ते वेगळंच द्रव्य आहे, त्यात हे रबर फुगतं. आज पेडल छान लागेल आणि कधीतरी भरधाव गाडीला लागणार नाही. एसीच्या गॅसचे पाईपही नाही. स्टिअरिंगचं तेल टाकीत परत नेणारा रिटर्नचा पाईप मात्र खुशाल बदलून घ्या, त्याला फारसा दाब नसतो. आणि खरं सांगायचं तर तो बहुतेक वेळा उंदरांनीच कुरतडलेला असतो, गाडी लग्नसराईपुरतीच बाहेर निघते ना.

पंधरा वर्षं झालेली गाडी पुन्हा पासिंगला न्यायची असते, तेव्हा ही गिऱ्हाइकं येतात. सुमो, एस्टीम, एखादी ॲस्ट्रा. आर्वी, तळेगाव, धामणगाव, कधी कधी तिकडून यवतमाळ. काही जण पाईप एसटीच्या कंडक्टरकडे देऊन पाठवतात आणि मागून फोन करतात. त्यांना एवढंच सांगतो: पाईप धुऊन, पुसून, कापून पाठवू नका. जसा निघाला तसा, तेलासकट, दोन्ही टोकं जागच्या जागी ठेवून पिशवीत घाला. काढायच्या आधी गाडीत बसलेला असतानाचा मोबाइलवर फोटो काढा. तांब्याचे वॉशर जुने लावू नका, नवे आम्ही देतो.

परवा तळेगावहून एसटीनं एक पाईप आला. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला, मधून कापून दोन तुकडे केलेला, म्हणजे पिशवीत मावावा. टोकं पाटावर ठेवून बसलोय. गाडीचा फोटो यायचाय.