बाईंचं फेरिक क्लोराइड

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि शाळा म्हणून मला बाईच आठवल्या. कोणत्या बाई, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. बाकीच्या शिक्षकांनी रागावू नये. संस्कृत, गणित सगळंच उत्तम होतं, पण त्याला या पानावर जागा उरणार नाही.

नववीत बाईंनी घरातली कुठलीही पांढरी पूड आणायला सांगितली. कुणी मीठ आणलं, कुणी तुरटी. मी आजीच्या डब्यातली ॲस्पिरिनची गोळी कुटून नेली. पंचवटीतल्या आमच्या वाड्याला पावसाळाभर ओल असायची, गोळ्याही सादळलेल्या. शेजारणीने मेन रोडवरून नवी कोरी गोळी आणली होती. दोघींच्या परीक्षानळ्यांत फेरिक क्लोराइडचे, म्हणजे रंग बदलून पदार्थ ओळखून देणाऱ्या लोहाच्या क्षाराचे, थेंब पडले. तिची नळी पिवळटच राहिली, माझी जांभळी झाली. वर्ग खिदळला. नळी धुतलेली नसणार, असं सगळ्यांचं मत पडलं. बाईंनी मधली सुट्टी बुडवून स्वच्छ नळीत तीच गोळी पुन्हा घ्यायला लावली. पुन्हा जांभळा! मग त्यांनी उलगडून सांगितलं: ओलाव्याने ॲस्पिरिनचं विघटन होतं, सॅलिसिलिक आम्ल सुटतं, आणि हा रंग त्याचा. वर म्हणाल्या, ‘‘काय यायला हवं ते मला पाठ आहे गं. तुला काय आलं ते वहीत लिही.’’

पुढे संशोधनाला लागल्यावर डॉ. फॉलिंग यांच्याबद्दल वाचलं. १९३४ साली नॉर्वेत एक आई बौद्धिक वाढ खुंटलेली आपली दोन मुलं घेऊन त्यांच्याकडे आली. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातलं. कीटोन, म्हणजे चरबी जळताना शरीरात तयार होणारे पदार्थ, असते तर तांबूस-तपकिरी रंग आला असता, आला हिरवा. त्या हिरव्याच्या मागे लागून फिनाइलकीटोन्युरिया हा आनुवंशिक आजार सापडला. यात फिनाइलॲलानिन या अमिनो आम्लावर (प्रथिनांच्या एका घटकावर) काम करणारं विकर (एन्झाइम) नीट चालत नाही आणि मेंदूला इजा होते. जन्मानंतर लगेच कळलं आणि आहार बदलला, तर मूल चांगलं वाढतं. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर हे तपासता येतं. तरीही आपल्या देशात प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी अजून सक्तीची नाही, याचा मला मनस्वी राग येतो.

माझं स्वतःचं काम युरिया चक्रातल्या बिघाडांवर. प्रथिनांतून तयार होणारा अमोनिया यकृताने युरियात बदलायचा असतो. त्यातलं एक विकर जरी नसलं, तरी अमोनिया मेंदूपर्यंत चढतो. निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर चांगला जनुक यकृतात धाडायचा, ही जनुकोपचाराची कल्पना. नवजात उंदरांत अमोनिया छान उतरला, आणि पिल्लं मोठी होता होता परत चढला. यकृत वाढताना पेशी विभागतात, बाहेरून आलेला जनुक मात्र त्यांच्याबरोबर दुणावत नाही, विरळ होत जातो. शिवाय शरीर त्या विषाणूला ओळखून बसतं, त्यामुळे दुसरा डोस देणं कठीण. प्रयोगशाळेत कुणी ‘हा आकडा चुकीचा असेल, सोडून देऊ’ म्हणालं, की मी बाईंच्याच आवाजात बोलते. माझे विद्यार्थी वैतागतात.

या क्षेत्राने वाईट दिवसही पाहिले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला. आजार युरिया चक्राचाच होता. त्यानंतर कितीतरी वर्षं जनुकोपचार म्हटलं की लोक दचकत. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात युरिया चक्राचाच दुसरा बिघाड असलेल्या केजे नावाच्या बाळासाठी, फक्त त्याच्या जनुकातली चूक दुरुस्त करणारं औषध साधारण सहा महिन्यांत तयार झालं. ती बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा बाईंना फोन करावासा वाटला. पण त्या आता नाहीत.

गेल्या दिवाळीत शाळेत डोकावले. प्रयोगशाळेत संगणक मांडलेत, बाटल्या कुलपात आहेत, प्रयोग पडद्यावर दिसतात. पडद्यावर रंग नेहमी बरोबरच येतो, माझी तक्रार नेमकी तीच आहे. समितीने ती खोली पुन्हा उघडावी. रसायनं, नळ्या, वर्षभराचा खर्च मी देईन आणि नाशिकला येईन तेव्हा तासही घेईन. अट एकच, थेंब मुलांनी स्वतःच्या हाताने टाकायचे. होकार असेल तर कार्यालयाने कळवावं.