जुन्या चित्रांसाठी संवर्धक आणि मूल्यांकनकार शोधताना: माझा अनुभव

दोन चित्रांचा प्रश्न होता. एक कॅनव्हासवरचे तैलचित्र, साधारण ६० बाय ७५ सेंटिमीटरचे. त्याच्या खालच्या कडेला रंगाचे पोपडे सुटायला लागले होते. दुसरे कागदावरचे जलरंगातले, त्यावर तपकिरी ठिपके उमटले होते. दोन्ही चित्रांवर नीट उपचार व्हावेत आणि विम्यासाठी त्यांची किंमत लेखी मिळावी, एवढेच मला हवे होते. या सगळ्याला पाच महिने लागले. मी क्रम उलटा धरला नसता, तर तीन महिन्यांत झाले असते.

क्रम चुकला, कारण एकच माणूस सगळे सांगेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात हे तीन वेगळे प्रश्न आहेत. वस्तूला काय झाले आहे आणि त्यावर उपाय काय, हे संवर्धक सांगतो. बाजारात तिचे काय मोल आहे, हे मूल्यांकनकार सांगतो. आणि ती खरोखर त्याच चित्रकाराच्या हातची आहे का, हे त्या चित्रकाराच्या कामाचा अनेक वर्षे अभ्यास केलेला जाणकार सांगतो. तिसऱ्या प्रश्नात संवर्धक पुरावा पुरवू शकतो, निकाल देत नाही. उदाहरणार्थ, टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती आला तो १९२० च्या आसपास. १८६० चे म्हणून सांगितलेल्या चित्राच्या मूळ थरात तो सापडला, तर तारीख नक्की चुकली. पण तोच पांढरा नंतरच्या डागडुजीतही असू शकतो, म्हणून नमुना कोणत्या थरातून घेतला हे महत्त्वाचे. आणि किंमत सांगणारा माणूस चित्र विकत घ्यायला उत्सुक असेल, तर त्याने सांगितलेला आकडा मूल्यांकन म्हणून धरू नका. ती बोली असते.

कोणालाही फोन करण्याआधी नोंद करायला हवी होती. मी ती नंतर केली, आणि प्रत्येक संवर्धकाने पहिल्याच फोनवर तीच मागितली. नोंदीसाठी १९९७ पासून वापरात असलेले ऑब्जेक्ट आयडी हे आंतरराष्ट्रीय प्रमाण सोपे आहे: वस्तूचा प्रकार, साहित्य आणि तंत्र, मोजमाप, सही-शिक्के, ओळखीच्या खास खुणा, शीर्षक, विषय, काळ, कर्ता. सोबत फोटो. समोरून, मागून, चारही कोपरे, सहीचा जवळून, आणि खराब झालेल्या प्रत्येक जागेचा शेजारी पट्टी ठेवून. मागची बाजू कधीच वगळू नका. जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी, कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, लाकडी चौकटीवरचा खडूने लिहिलेला आकडा, हे सगळे मालकीच्या इतिहासाचे पुरावे असतात. फ्रेम बदलणारे कारागीर नेमके हेच फेकून देतात.

एक फोटो तिरप्या उजेडात काढायचा. खोलीत अंधार करून टॉर्च चित्राच्या एका बाजूला, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरायचा. दिवसा फक्त 'थोडे खडबडीत' वाटणारी ती खालची कड टॉर्चच्या उजेडात वेगळीच दिसली. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडून कडा वर वळतात, तशी रंगाची एकेक खपली कडेने उचलली गेली होती, आणि प्रत्येकीची बारीक सावली पडली होती. एवढे दिसल्यावर चित्र भिंतीवरून काढले आणि रंगाची बाजू वर ठेवून आडवे ठेवले. त्यानंतर संवर्धक येईपर्यंत पुसले नाही, ब्रश लावला नाही, गोंद तर नाहीच. पडलेल्या तीन खपल्या कागदी पाकिटात घालून, त्या कुठून पडल्या ते पाकिटावर लिहून ठेवले. बुडबुड्यांचे प्लास्टिक रंगाला चिकटवून गुंडाळू नका, उष्णतेत बुडबुड्यांचे गोल ठसे वॉर्निशवर कायमचे उमटतात.

आता माणूस शोधणे. बऱ्याच देशांत 'जुनी चित्रे दुरुस्त करतो' अशी पाटी लावायला परवाना लागत नाही, म्हणून व्यावसायिक संस्थांच्या सूचीपासून सुरुवात करावी. अमेरिकेत अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कन्झर्वेशन, ब्रिटनमध्ये आयकॉन, ऑस्ट्रेलियात एआयसीसीएम, युरोपातल्या राष्ट्रीय संघटनांची एकत्रित संस्था ईसीसीओ. सूची बघताना एक गोष्ट नीट समजून घ्या. वर्गणी भरून मिळणारे सभासदत्व आणि इतर व्यावसायिकांनी काम तपासून दिलेली मान्यता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयकॉनच्या यादीत नावापुढे एसीआर (मान्यताप्राप्त संवर्धक) असेल तर तो संवर्धक मूल्यमापनातून गेलेला असतो. अमेरिकन संस्थेतल्या 'फेलो' या श्रेणीलाही असेच वजन आहे. नुसते 'सभासद' लिहिलेले असेल तर पुढे प्रश्न विचारायचेच. दुसरा चांगला मार्ग म्हणजे मोठ्या संग्रहालयाचा संवर्धन विभाग. ते सहसा एकाचे नाव सुचवत नाहीत, तीन-चार नावे देतात. किंमत मात्र बहुतेक संग्रहालये सांगत नाहीत, तिथे तो प्रश्न विचारून वेळ घालवू नका.

विषयही जुळला पाहिजे. तैलचित्रांचा संवर्धक कागदाचे काम करत नाही, कागदाचा माणूस सोनेरी वर्ख लावलेल्या फ्रेमला हात लावत नाही, आणि फोटोग्राफ तर पूर्ण वेगळे क्षेत्र. म्हणून माझ्या दोन चित्रांना दोन माणसे लागली.

फोनवर विचारलेल्या प्रश्नांपैकी चार उपयोगी ठरले. प्रशिक्षण कुठे आणि कोणाच्या हाताखाली झाले? अशाच प्रकारचे नुकसान असलेली कामे गेल्या काही वर्षांत किती केली, आणि त्यातल्या दोन मालकांशी बोलता येईल का? प्रत्यक्ष काम स्वतः करणार की सहायक? काम झाल्यावर लेखी अहवाल आणि आधी-नंतरचे फोटो मिळणार का? शेवटच्या प्रश्नावर जो अडखळला, त्याचे नाव मी यादीतून काढले. एका कार्यशाळेने फोटो बघूनच सांगितले, की सगळे जुने वॉर्निश काढू, मागून नवे कापड लावू, चित्र नव्यासारखे होईल. कापड का लावायचे, तर 'आम्ही सगळ्यांना लावतो'. हे उत्तर ऐकून थांबावे. पूर्वी मेणाने किंवा गोंदाने दुसरा कॅनव्हास मागून चिकटवण्याची पद्धत सर्रास होती. उष्णता आणि दाबाने त्यात रंगाचा उठाव सपाट होतो आणि मेण रंगात मुरते. १९७४ मध्ये लंडनमधल्या ग्रीनिचला याच विषयावर झालेल्या परिषदेनंतर ही सवय गांभीर्याने तपासली गेली. आज कॅनव्हास स्वतःचा ताण पेलू शकत नसेल, तेव्हाच हा उपाय निघतो.

तपासणीचे शुल्क वेगळे असते आणि ते आनंदाने द्यावे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे राहते. आमच्या तपासणीला दोन तास लागले. अतिनील दिव्याखाली जुने नैसर्गिक राळेचे वॉर्निश हिरवट चमकले, आणि आकाशाच्या भागात चार काळे ठिपके स्पष्ट दिसले: पूर्वी कोणीतरी केलेली डागडुजी. सही वॉर्निशच्या खाली होती. ती वर असती, तर नंतर घातल्याचा संशय घ्यायला जागा होती. मग चित्र मागून बघितले. कॅनव्हास ताणायला लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत बसवलेल्या पाचरांपैकी एक निसटून खालच्या पट्टीच्या आणि कॅनव्हासच्या मधे पडली होती. ती इतकी वर्षे आतून कॅनव्हासला टेकून राहिली, तिथे फुगवटा आला आणि बरोबर त्याच रेषेत रंग फुटला. बोटाच्या पेराएवढी पाचर. दमट-कोरड्या हवेने कॅनव्हास सैल-घट्ट होतोच, आणि जुना रंग ठिसूळ झाल्याने त्याला ते सोसत नाही. पण पाचर काढली नसती, तर चिकटवलेला रंग पुन्हा त्याच जागी सुटला असता.

यानंतर हातात येतो उपचाराचा लेखी प्रस्ताव. त्यात सध्याची अवस्था, प्रत्येक टप्पा, वापरायचे पदार्थ नावानिशी, धोके, लागणारे तास आणि खर्च असावा. माझ्या प्रस्तावात सुटलेला रंग बसवणे आधी होते, स्वच्छता नंतर. हा क्रम उलटा दिसला तर विचारा. स्वच्छतेची चाचणी कडेला सेंटिमीटरभर चौकोनात, कापसाच्या बोळ्याने, आणि बोळ्यावर रंग उतरतो का ते बघत. नव्या रंगाचा हात फक्त जिथे मूळ रंग गेला आहे तिथेच, आणि मधे वॉर्निशचा एक थर ठेवून, म्हणजे उद्या तो मूळ रंगाला धक्का न लावता काढता येईल. पॅरालॉइड बी-७२ या राळेचे नाव प्रस्तावांत वारंवार दिसते, ते याचसाठी: वर्षानुवर्षांनीही ती ॲसिटोनमध्ये विरघळते. आणि एक वाक्य मी आग्रहाने घालून घेतले: प्रस्तावाबाहेर काही करावे लागले, तर आधी फोटो पाठवून लेखी संमती.

कागदाच्या चित्राची गोष्ट लहान आहे. ठिपके बुरशीने किंवा कागदातल्या धातूच्या कणांनी येतात, बऱ्याचदा दोन्हींमुळे. चित्राभोवतीच्या आम्लयुक्त पुठ्ठ्याने, चित्र दिसावे म्हणून त्यात कापलेल्या खिडकीच्या कडेला तपकिरी रेघही ओढली होती. संवर्धकाने प्रत्येक रंगावर पाण्याचा सूक्ष्म थेंब ठेवून टिपकागदाने उचलला. लाल रंग टिपकागदावर उतरला, म्हणून पूर्ण धुणे रद्द झाले. ब्लीच नको असे त्यांनी स्वतःच सुचवले. ठिपके फिके झाले, गेले नाहीत. मला ते चालले, कारण उरलेला कागद सुदृढ राहिला. शेवटी जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावून आम्लरहित पुठ्ठ्यात बसवले, आणि उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आत ठेवायला सांगितले.

चित्र बाहेर पाठवण्याच्या दिवशी विमा तपासा. घरातल्या वस्तूंचा विमा बहुधा वाहतुकीत आणि दुसऱ्याच्या कार्यशाळेत लागू होत नाही. भिंतीवरून निघाल्यापासून भिंतीवर परत येईपर्यंतचे संरक्षण वेगळे मागावे लागते, आणि पावतीवर त्या दिवशीची अवस्था लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात.

सुरुवातीला सांगितलेली क्रमाची मोठी चूक माझी मूल्यांकनात झाली होती. मूल्यांकन मी सगळ्यात आधी मागितले. मूल्यांकनकाराने सरळ विचारले, की स्थिती अहवाल कुठे आहे, आणि किंमत कशासाठी हवी? दुसरा प्रश्न औपचारिक नाही. तशीच वस्तू दुकानातून पुन्हा घ्यायला लागणारी रक्कम विम्यासाठी धरतात, आणि ती सर्वांत मोठी असते. घाई नसलेला घेणारा आणि घाई नसलेला विकणारा यांच्यात ठरेल ती रक्कम वाटणी किंवा करासाठी, ती कमी. तातडीने विकायची झाल्यास आणखी कमी. एकाच चित्राचे तीन आकडे, तिन्ही बरोबर. लिलाव कंपनी फुकट सांगते तो विक्रीचा अंदाज असतो, विमा कंपनीपुढे ठेवायचा कागद नव्हे.

मूल्यांकनकाराची पात्रता तपासताना अमेरिकेतल्या तीन संस्थांची नावे येतात: अमेरिकन सोसायटी ऑफ ॲप्रेझर्स, ॲप्रेझर्स असोसिएशन ऑफ अमेरिका आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ॲप्रेझर्स. त्यांचे सभासद यूस्पॅप या १९८७ पासूनच्या नियमावलीला बांधलेले असतात. ब्रिटनमध्ये आरआयसीएस या व्यावसायिक संस्थेचे 'रेड बुक' हे मूल्यांकनाच्या नियमांचे पुस्तक आहे. शुल्क तासावर किंवा ठरावीक रकमेचे असावे. वस्तूच्या किमतीच्या टक्केवारीत शुल्क मागितले, तर तिथून निघा. आकडा वाढला की त्याची कमाई वाढते, म्हणूनच यूस्पॅपला ते मान्य नाही. अहवालात मूल्याचा प्रकार, कोणत्या तारखेचे मूल्य, तुलनेसाठी घेतलेल्या विक्री, आणि या वस्तूत आपला कोणताही स्वार्थ नाही असे सहीनिशी निवेदन हवे. तुलनेच्या विक्री वाचता येतात: त्याच चित्रकाराचे, त्याच माध्यमातले, जवळपासच्या आकाराचे आणि काळाचे काम आहे का, हे मी स्वतः पडताळले. गॅलरीने मागितलेली किंमत तुलनेत धरली असेल तर शंका घ्या, मागितलेले आणि मिळालेले यांत फरक असतो. लिलावातल्या आकड्यात खरेदीदाराने लिलाव कंपनीला द्यायचे कमिशन मिळवले आहे की नाही, हेही विचारा.

आणि गृहीतकांचे पान जरूर वाचा, ते सहसा शेवटी असते. माझ्या अहवालात तिथे लिहिले होते, की चित्र सहीत दिसणाऱ्या चित्रकाराचेच आहे हे मालकाच्या सांगण्यावरून गृहीत धरले आहे. म्हणजे मूल्यांकन हे सत्यतेचे प्रमाणपत्र नाही. त्या चित्रकाराच्या समग्र कामाची सूची करणारी समिती किंवा अभ्यासक असेल, तर तिकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. मी तो केला आहे, उत्तर यायचे आहे. चोरीच्या नोंदी तपासायला इंटरपोलचे आयडी-आर्ट हे मोफत ॲप आहे, त्यात फोटोवरून शोधता येते.

तैलचित्र परत आले तेव्हा मागे संरक्षक पाठपुठ्ठा बसवलेला होता आणि चारही पाचरांना बारीक दोरा ओवून चौकटीला बांधले होते, म्हणजे पुन्हा निसटून खाली पडणार नाहीत. बाहेरच्या भिंतीवरून ते आतल्या भिंतीवर हलवले. उपचारांचा अहवाल, अतिनील दिव्याखालचे आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि मूल्यांकन यांच्या तीन प्रती आहेत: एक माझ्याकडे, एक विमा कंपनीकडे, एक घराबाहेर. मूल्यांकन तीन वर्षांनी पुन्हा करून घ्यायचे ठरले आहे. कड मात्र दर सहा महिन्यांनी टॉर्च तिरपा धरून मीच बघतो, आणि प्रत्येक वेळी त्याच जागेवरून फोटो काढतो.