तुम्ही विचारलंत म्हणून: लाँग एक्स्पोजरमध्येच प्रकाश का गळतो?

मीडियम फॉरमॅटवर (३५ मिमीपेक्षा मोठी रोल फिल्म घेणाऱ्या कॅमेऱ्यांवर) फिल्म वापरणारे मला हा प्रश्न हमखास विचारतात: "एरवी फोटो स्वच्छ येतात, पण एनडी (प्रकाश कमी करणारा काळपट फिल्टर) लावून दोन-तीन मिनिटं शटर उघडं ठेवलं की कडेला पांढुरका पट्टा येतो. सांध्यांतून प्रकाश शिरू न देणारे सगळे फोम बदलून टाकू का?" माझं उत्तर असतं, इतक्यात नको. प्रकाश कुठून शिरतोय हे आधी निगेटिव्हवरून शोधू या.

ती फट बहुधा आधीपासून असतेच. दहा स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) एनडी लेन्समधून येणारा प्रकाश सुमारे हजार पटींनी कमी करतो, म्हणून १/१५ सेकंदाचं एक्स्पोजर मिनिटाच्या वर जातं. फटीतून शिरणारा प्रकाश त्या फिल्टरमधून जात नाही आणि त्याला मात्र हजारपट वेळ मिळतो. त्यात रेसिप्रॉसिटीची भर, म्हणजे लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावते आणि आणखी वेळ मागते. इल्फर्डच्या सूत्रानुसार एचपी५ प्लस या फिल्मला मोजलेल्या ६० सेकंदांसाठी साडेतीन मिनिटं द्यावी लागतात.

स्कॅनमध्ये कडा कापल्या जातात, म्हणून निगेटिव्हच हातात घ्या. डाग तिथे काळा दिसेल. तो फ्रेमबाहेरच्या कोऱ्या पट्टीवरही पसरला असेल, तर संशय मागच्या दारावर किंवा मॅगझिनवर (फिल्म ठेवायच्या सुट्या होणाऱ्या डब्यावर). फ्रेमच्या रेषेवर नेमका तुटला असेल, तर प्रकाश बहुतेक पुढून, कॅमेऱ्याच्या पोटातून आलाय. फिल्मवर चित्र उलटं पडतं हे विसरू नका: मागून आलेला डाग फोटोत वर दिसला, तर फट कॅमेऱ्याच्या खालच्या बाजूला शोधायची. आणि रोलच्या दोन्ही कडा वेड्यावाकड्या काळवंडल्या असतील, तर रोल सैल गुंडाळला गेलाय. त्यात फोमचा दोष नाही.

आता शटर. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. पेंटॅक्स ६७मध्ये शटरचा पडदा फिल्मच्या लगेच पुढे असतो. हॅसलब्लाड ५००मध्ये शटर लेन्समध्ये असलं तरी फिल्मसमोर झडपा असतात. अशा कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडर, आरसा किंवा लेन्स माउंटकडून शिरलेला प्रकाश शटर उघडं असेल तेवढाच वेळ फिल्मपर्यंत पोचतो. म्हणून तो लाँग एक्स्पोजरमध्येच दिसतो. घडीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे असा अडसर नसतो. लेन्स आणि फिल्म यांमधल्या घडीदार भात्याला सुईएवढं भोक असलं, तरी भाता उघडा असेपर्यंत फिल्म धुरकटत राहते, तुम्ही बटण दाबा वा नका दाबू.

यावरून एक चाचणी करता येते आणि ती एक रोल खर्ची घालण्याच्या योग्यतेची आहे. लेन्सला टोपण लावा, त्याच्या कडेवर काळी टेप चिकटवा, कॅमेरा उन्हात ठेवा. पहिली फ्रेम: शटर बंद, पाच मिनिटं. दुसरी: शटर बल्बवर (हवा तितका वेळ उघडं ठेवण्याच्या सेटिंगवर) उघडं, पाच मिनिटं. तिसरीही उघडीच, पण कॅमेऱ्यावर जाड काळं कापड. मॅगझिन असेल तर डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी सरकती पट्टी) तिन्ही वेळा बाहेर हवी. फिल्म पुढे सरकवणं सावलीत आणि लगोलग, नाहीतर वाट पाहण्याचा वेळही हिशेबात शिरतो.

पहिली फ्रेमही काळवंडली तर मागचं दार, मॅगझिन किंवा भाता तपासा. फक्त दुसरी काळवंडली तर दोष पडद्याच्या पुढे आहे. तिसरीही काळवंडली तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि फिल्म, लोडिंग, डेव्हलपिंग बघा.

भात्यासाठी अंधाऱ्या खोलीत आत छोटा एलईडी दिवा लावून बाहेरून पाहणं पुरतं. कोपरे नीट बघा, घड्या तिथेच झिजतात. जुन्या कॅमेऱ्यांची, फ्रेमचा आकडा पाहायची मागची लाल खिडकीही झाकाच. ती लाल रंग न ओळखणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मच्या काळातली आहे. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म तो रंग टिपते.

जागा सापडली की त्या एकाच सांध्यावर काळी टेप लावून पुन्हा एक लांब एक्स्पोजर द्या. डाग गेला, तर तेवढाच फोम बदला. जुना फोम चिकट झालेला असतो, तो खरवडताना कण आत पडू नयेत म्हणून आरसा आणि पडदा आधी झाकून घ्या.